नसलेल्या मांजराचं दूध

त्या घरात मांजर कधीच नव्हतं. सासूबाईंना केसांचा तिटकारा, सासऱ्यांना शिंका, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत मांजराने करायचं तरी काय. तरीसुद्धा वर्षातून पाच-सहा वेळा, पाहुणे टेबलाशी बसले की सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत अगदी सहज विचारायच्या, "मांजराचं दूध झाकलं का?" मग घरातलं कुणीतरी म्हणायचं, "झाकलं." आणि घरातल्या सगळ्यांची भूक एकदम मरायची. सासऱ्यांना पित्त आठवायचं, मुलाचं वजन वाढलेलं असायचं, सासूबाईंचा दात दुखायचा.

अर्थ सरळ होता: भांड्यात आहे ते पाहुण्यांना पुरणार नाही, घरच्यांनी हात आखडता घ्या. ही युक्ती सासूबाईंनी कुठून आणली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण चाळीस वर्षांत एकाही पाहुण्याला संशय आला नव्हता, याचा त्यांना मनातून अभिमान होता.

संशय आला नाही, पण एकदा घोटाळा मात्र झाला. नऊ वर्षांपूर्वी, सूनबाई या घरात येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. सासऱ्यांच्या ऑफिसातले चौघे जेवायला होते आणि सासूबाईंनी मांजराची चौकशी केली. नवी सून कामाला वाघ. ती ताडकन उठली, बेसिनखाली पाहिलं, बाल्कनीत पाहिलं, पलंगाखाली टॉर्च मारला, आणि परत येऊन सगळ्यांदेखत म्हणाली की आई, मांजर काही सापडत नाही, दूध मी फ्रिजमध्ये ठेवलंय. एवढं बोलून तिने भांड्यातलं शेवटचं उरलेलंही स्वतःच्या ताटात घेतलं. नवऱ्याच्या नाकातून पाणी आलं हसता हसता. पाहुणे गेल्यावर त्याने तिला सगळं समजावलं. ती रडकुंडीला आली, तर तो म्हणाला, "अगं, बरंच झालं. हे फक्त घरच्यांनाच सांगतात. आता तुला माहीत झालं, म्हणजे तू घरची."

तो नवरा दहा महिन्यांपूर्वी ऑफिसचा जिना चढताना मध्येच पायरीवर बसला आणि उठलाच नाही. वय एकोणचाळीस.

तेव्हापासून सूनबाई रडली नव्हती. लोकांनी आधी तिला खंबीर म्हटलं, मग नुसतं बघायला लागले. तिला स्वतःला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. डॉक्टर हिरडीत इंजेक्शन द्यायचे आणि मग पाच मिनिटांनी पेशंटच्या ओठावर बोटाने टिचकी मारून विचारायचं काम तिचं होतं: जड वाटतंय का? आपलाच ओठ आहे असं वाटतंय का? पेशंट मान हलवून नाही म्हणायचे, मग काम सुरू. जाताना ती प्रत्येकाला बजावायची की भूल उतरेपर्यंत काही चावू नका, गाल दाताखाली येतो आणि कळतसुद्धा नाही. गेले दहा महिने ती तशीच होती. चहा गरम आहे हे कपातून वाफ येताना दिसली म्हणून कळायचं. दवाखान्यातली मुलगी एकदा म्हणाली होती, की ताई, तुमच्या बोटाला रक्त येतंय. खरंच येत होतं.

घरात मात्र एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. सासूबाई तिला आधी वाढायला लागल्या होत्या. पूर्वी त्या घरात सगळ्यात शेवटी बसायच्या त्या दोघी, सासू आणि सून, भांड्यातलं उरलंसुरलं वाटून घेत. आता सूनबाई दवाखान्यातून आली की टेबलावर तिचं ताट तयार. ती कपड्यांच्या घड्या घालायला बसली की सासूबाई तिच्या हातातून काढून घेत आणि म्हणत, तू बस गं. सासरे तिच्याशी बोलण्याआधी खाकरायला लागले होते. एकंदर तिचं सगळं फार व्यवस्थित चाललं होतं, जसं पाहुण्यांचं चालतं.

आणि चार महिन्यांपूर्वी ते झालं. खालच्या मजल्यावरचं कुटुंब आलं होतं, केक थोडा होता, आणि सासूबाईंनी नेहमीसारखं मांजराचं दूध विचारलं. सूनबाईने सवयीने बशी बाजूला सारली. तर सासूबाईंनी केकचा तुकडा तिच्याच बशीत ठेवला आणि कानाशी हळूच म्हणाल्या, "तू घे. तुला नाही ते."

त्यांनी मायेनेच म्हटलं असेल. सूनबाईने केक खाल्ला, थर्माकोलसारखा लागला, पण त्या दिवसांत सगळंच तसं लागायचं. बशी धुताना तिच्या मनात एवढंच आलं की आपण आता या घरच्या नाही. यावर वाईट वाटायला हवं होतं. ती थोडा वेळ वाट बघत नळाशी उभी राहिली. वाटलं नाही.

म्हणून मागच्या आठवड्यात तिच्या मोठ्या भावाचा, दादाचा, फोन आला की आता पुरे झालं, तू आमच्याकडे राहायला ये, इथेही दातांचे दवाखाने आहेत, तेव्हा ती "बरं" म्हणाली. दादा म्हणाला, रविवारी आम्ही दोघं येतो, तुझ्या सासूबाईंशी रीतसर बोलतो. ती "बरं" म्हणाली. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या भाजी चिरत होत्या. सुरी थांबली नाही. म्हणाल्या, "तुझं तू ठरव. आम्ही आडकाठी करणार नाही." सूनबाईने तेही ऐकून घेतलं. न जाण्याचं एकही कारण तिला कुणी दिलं नाही आणि तिला स्वतःला सुचलं नाही. इथे राहायचं की जायचं, हे रविवारी दुपारी ठरणार होतं आणि ते ठरवणाऱ्यांत ती असून नसल्यासारखी होती.

रविवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "दादा येणार, तर काहीतरी गोड कर. फळांचा कॉब्लर कर."

हा कॉब्लर म्हणजे त्या घराचा पाहुण्यांचा पदार्थ. खाली साखर घातलेली फळं, वर मैद्याचे ओबडधोबड गोळे, आणि सगळं ओव्हनमध्ये. दिसायला रस्त्याचं काम अर्धवट सोडल्यासारखं, पण चमचा घातला की खालून रस वर येतो. सासूबाईंनी तो तिला पहिल्या वर्षी शिकवला होता आणि तिचे हात बघून खूश झाल्या होत्या. लोणी मैद्यात चोळताना तळवा लावायचा नाही, नुसती बोटांची टोकं, नाहीतर हाताच्या उबेने लोणी वितळतं आणि गोळे दगड होतात. सूनबाईचे हात बारा महिने गार. नवरा त्यावरून चिडवायचा की घरात फ्रिज ठेवायची गरज नाही. सासूबाई मात्र शेजारणींना सांगायच्या, माझ्या सुनेच्या हाताला बेकिंग आहे.

तिने दीड किलो प्लम धुतले, बिया काढल्या. बी काढणं तिला सोपं जायचं, दवाखान्यात दिवसभर बारीक कामाचीच सवय. साखर, लिंबाचा रस, चमचाभर कॉर्नफ्लोअर, दालचिनी. मग चमचा तोंडात घातला आणि नेहमीप्रमाणे काही कळेना. आंबट की गोड, जीभ काही सांगायला तयार नाही. तिने बाहेरच्या खोलीत सासऱ्यांकडे चमचा नेला आणि विचारलं, साखर पुरे का? सासरे गोडाचे पक्के. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, डोळे मिटून चव घेतली आणि खाकरून म्हणाले, अजून दोन चमचे. तिने दोन चमचे घातले. त्यांच्यावर सोडलं असतं तर त्यांनी किलोभरही सांगितली असती.

चौकोनी इनॅमलच्या भांड्यात फळं पसरली. वर चमच्याने मैद्याचे सहा गोळे टाकले, मध्ये फटी ठेवून, कारण वाफेला वाट हवी. माणसं पाच: दादा, वहिनी आणि घरचे तिघं. एक गोळा वर. भांडं ओव्हनमध्ये सरकवून ती स्टुलावर बसली आणि काचेतून बघत राहिली. चाळीस मिनिटं तिने दुसरं काहीही केलं नाही. कडेने रस उकळायला लागला, भांड्याच्या उजव्या कोपऱ्यात उतू जाऊन करपला. तो कोपरा नेहमी करपायचा, ओव्हनच त्या बाजूला जास्त तापतो. करपलेली खरवड पाहुण्यांना देत नाहीत, ती घरच्यांची. त्यातही उजवा कोपरा नवऱ्याचा. त्यासाठी तो चमचा घेऊन रांगेत उभा असल्यासारखा उभा राहायचा.

सूनबाईने ओव्हन बंद केला. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात दादा आणि वहिनी होते. त्यांच्यामागे वहिनीचा भाऊ होता, कारण गाडी त्याची. त्याच्यामागे त्याची बायको, कारण रविवार. आणि जिन्यात धापा टाकत त्या बायकोची आई, कारण गाडीत जागा होती. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, ते असं. वहिनीच्या भावाच्या दोन्ही हातांत घडी केलेली पुठ्ठ्याची रिकामी खोकी होती. त्याने ती बुटांच्या कपाटाशेजारी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाला की एका फेरीत होऊन जाईल. सासूबाईंनी खोक्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, या, बसा.

गप्पा झाल्या म्हणजे दादाने केल्या. दादा माणूस चांगला, पण एकदा बोलायला लागला की समोरच्याला होकार देण्याएवढीच जागा ठेवायचा. त्याने सांगितलं की मागची खोली रंगवून घेतलीय, कपाट केलंय, खिडकी पूर्वेला आहे. सासूबाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही, म्हणाला. पण तिचं वय छत्तीस, तिला पुढे आयुष्य आहे, आणि इथे प्रत्येक भिंत तिला त्याचीच आठवण करून देणार. सासरे नुसतेच खाकरले. सासूबाई म्हणाल्या, तिचं तिने ठरवायचं. सगळ्यांनी सूनबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी कॉब्लर आणते."

वहिनीच्या भावाच्या सासूला कॉब्लर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिला समजावण्यात दोन मिनिटं गेली आणि तेवढीच जरा सगळ्यांना मोकळीक मिळाली. सूनबाईने भांडं टेबलाच्या मध्यभागी जाळीवर ठेवलं. वास खोलीभर झाला, असं निदान सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून वाटत होतं. सासऱ्यांनी चमचा हातात घेऊन ठेवलासुद्धा. सासूबाई वाढायला उभ्या राहिल्या. त्यांची नजर भांड्यावरून फिरली: सहा गोळे. मग टेबलाभोवती फिरली: आठ माणसं. चाळीस वर्षांची सवय ती, तिला ना दुःख कळतं ना प्रसंग. भांड्यातून नजर वर न काढता त्या म्हणाल्या,

"सूनबाई, मांजराचं दूध झाकलंस का गं?"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हातातला मोठा चमचा तसाच राहिला. सासऱ्यांनी आपला चमचा गुपचूप खाली ठेवला होता, त्यांनी बायकोकडे पाहिलं. सासूबाईंचा चेहरा, अख्ख्या दुपारभर जो इस्त्री केल्यासारखा होता, तो एकदम चुरगळला. त्या घाईघाईने म्हणायला लागल्या, "अगं नाही, तू घे, तुला नाही..."

सूनबाईची बशी तिच्यासमोर होती. तिच्या ओठात काहीतरी झालं. भूल उतरताना पहिल्यांदा जे होतं तेच, पेशंट घरून दवाखान्यात फोन करून विचारतात ते: ताई, मुंग्या आल्यासारखं होतंय, काही बिघडलं नाही ना? ती त्यांना सांगायची की बिघडलं नाही, आता थोडं दुखेल, घाबरू नका.

तिने बशी बोटांनी लांब सरकवली, पार टेबलाच्या मध्यापर्यंत.

"झाकलं, आई," ती म्हणाली.

सासूबाईंनी मोठा चमचा भांड्याच्या कडेला टेकवला.

"आत्ताच नाही," सूनबाई म्हणाली. "मी रोजच झाकते. तुम्ही विचारत नव्हता."

वहिनी कुतूहलाने इकडेतिकडे बघत म्हणाली, तुम्ही मांजर कधी पाळलंत, दिसलं नाही कुठे. सासऱ्यांनी खाकरून सांगितलं की ते माणसांत फारसं येत नाही. मग त्यांना एकदम पित्त आठवलं. सासूबाईंचा दात दुखायला लागला, आणि दवाखान्यात काम करणाऱ्या सुनेनेही गंभीरपणे सांगितलं की हो, त्यांना गोड वर्ज्यच आहे. पाच पाहुण्यांना पाच गोळे गेले. सहावा वहिनीच्या भावाने, नाही नाही म्हणत, घेतला. तो म्हणाला की असा कॉब्लर त्याने कुठे खाल्ला नाही, आणि हे खरंच असावं, कारण त्याने कॉब्लरच कधी खाल्ला नव्हता.

बशा रिकाम्या झाल्यावर दादाने घड्याळ पाहिलं आणि विचारलं की मग भरायला घ्यायचं का.

"दादा, मी येत नाही," सूनबाई म्हणाली.

दादा म्हणाला की तू फोनवर बरं म्हणाली होतीस. ती म्हणाली, हो, म्हणाले होते. त्याने विचारलं, आता अर्ध्या तासात काय झालं? तिला सांगता येण्यासारखं काही नव्हतं. बाहेरच्यांना ते सांगतच नाहीत, आणि दादा सख्खा असला तरी त्या बाबतीत बाहेरचाच. ती एवढंच म्हणाली की खोली रंगवलीस, बरं वाटलं, मी राहायला येईन चार दिवस. पाहुणी म्हणून येईन.

दादा रुसला. वहिनीने त्याचा हात दाबला. वहिनीच्या भावाने खोकी पुन्हा काखेत मारली, आणि त्याच्या सासूने जिना उतरताना, आधी चढवलंच कशाला, असं दोनदा विचारलं. दादा शेवटी उतरला. दुसऱ्या वळणावर थांबून त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, फोन कर. ती म्हणाली, करीन.

ती आत आली तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर भांडं होतं आणि त्याच्या दोन बाजूंना सासू-सासरे चमचे घेऊन उभे होते. तिसरा चमचा भांड्यात ठेवलेला होता. तिघं खरवडायला लागली. इनॅमलवर चमच्यांचा तो करकर आवाज, ज्याने कुणाच्याही दातांवर शहारा यावा. सासरे डाव्या बाजूने, सासूबाई तळातून. बघता बघता भांडं साफ झालं आणि फक्त उजवा कोपरा राहिला, काळपट, चकाकता, कडक. तिन्ही चमचे तिथे थांबले.

"मला वाटलं," सासूबाई कोपऱ्याकडे बघत म्हणाल्या, "तुला इथे धरून ठेवायला नको. तो होता म्हणून तू होतीस. आता कुठल्या तोंडाने सांगायचं, भांडी घास, कपडे आवर. म्हणून मी..."

"मला वाटलं, तुम्हाला मी नकोय," सूनबाई म्हणाली.

सासरे म्हणाले, दोघी मूर्ख आहात. गेल्या दहा महिन्यांत न खाकरता बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

सासूबाईंनी चमच्याच्या टोकाने उजवा कोपरा सोडवला. तो कट्कन आवाज करून अख्खा निघाला. त्यांनी तो सूनबाईच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, घे. तिने तोंडात टाकला. साखर करपून काचेसारखी झाली होती, ती दाढेखाली फुटली. कडू लागली. मग तिच्याखालून आंबट आलं, आणि पाठोपाठ गोड, जरा जास्तच, सासऱ्यांचे दोन चमचे. ती चावत राहिली, आणि सवय गेल्यामुळे म्हणा किंवा घाईमुळे, गाल दाताखाली आला.

ती थांबली. गालावर हात ठेवला.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"गाल चावला."

"बघू. आ कर."

सूनबाईने तोंड उघडलं. नऊ वर्षं दुसऱ्यांची तोंडं बघणारी ती, ट्यूबलाइटखाली मान वर करून उभी राहिली, आणि सासूबाई चष्मा वर-खाली करत आत बघत राहिल्या.

"थोडं रक्त आलंय," त्या म्हणाल्या. "दुखतंय का?"

"हो," सूनबाई म्हणाली. "आई, खूप दुखतंय."

सासरे कोमट पाण्यात मीठ घालायला वळले. डबा त्यांना लवकर सापडेना, आणि मागे ती रडायला लागली होती, म्हणून त्यांनी तो शोधायला आणखी वेळ लावला.